आबा काय म्हणाले

हौसेरावांनी उभी हयात वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात गोण्या वाहिल्या. मूळचे पाटणकडचे. आवाज असा, की एका गाळ्यातून हाक घातली की पलीकडच्या रांगेतला माणूस मागं वळायचा. काम सुटल्यावर मुलाच्या करंजाड्याच्या फ्लॅटवर राहायला आले आणि थोड्याच दिवसांत लकव्यानं गाठलं. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. डोकं शाबूत, कान शाबूत, पण शब्द बाहेर पडायचा तो चेंगरून, ओळखू न येणारा.

तो ओळखता येऊ लागला एकट्या सुनेला. ज्ञानेश्वरी नावड्याकडच्या एका शाळेत गणित शिकवायची. पहिलीच्या पोराला बसवावं तसं तिनं सासऱ्यांना समोर बसवलं आणि क, ख, ग पासून सुरुवात केली. त्यांचे ओठ कुठं मिटत नाहीत, जीभ कुठं अडते, हे बघता बघता एकेक शब्द तिच्या ओळखीचा झाला. सासू बाळाबाई आणि नवरा कुलदीप यांनी मग तो नादच सोडला. आबांचे ओठ हलले की हाक जायची, "ज्ञाना, काय म्हणतात बघ गं." ती सांगेल ते खरं. घरात पोरबाळ नव्हतं, माणसं चारच, आणि आबांचा शब्द बाकीच्या दोघांपर्यंत पोचायचा तो तिच्याच तोंडून.

शाळेत मात्र ती तासिका तत्त्वावर होती. जूनमध्ये घ्यायचे, एप्रिलमध्ये सोडायचे. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की तिचा वर्ग ज्ञानेश्वरीकडं, ती परत आली की तो गेला. अशी कितीतरी वर्षं झाली. मग तिच्या मैत्रिणीनं, संघमित्रानं, मालदीवमधल्या एका बेटावरच्या शाळेची जाहिरात मोबाइलवर पाठवली. ज्ञानेश्वरीनं अर्ज केला तो सहज, बघू तरी म्हणून. ऑनलाइन मुलाखत झाली आणि बोलावणं आलं. दोन वर्षांचा करार, वरच्या सगळ्या वर्गांचं गणित तिचं.

त्या देशात तिच्या ओळखीचं काळं कुत्रं नव्हतं. भाषा कशी, माणसं कशी, पानात काय पडतं, काही ठाऊक नव्हतं. तरी तिला जायचं होतं. दुखणं तेच होतं. धास्ती वाटली असती तर बरं, असं तिला वाटायचं. पण मनात होता तो आनंद, आणि आबांना भात भरवताना तो लपवावा लागायचा.

कुलदीप जा म्हणाला. बाळाबाईंनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. "त्यास्नी इचारा," एवढंच बोलल्या. "ते म्हनतील तसं."

रविवारी चहा झाल्यावर कुलदीपनं वडिलांना सगळं समजावून सांगितलं. तिघंही त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. हौसेराव सुनेकडं बघत होते. बऱ्याच वेळानं त्यांचे ओठ हलले आणि "दाऊ नअं" असा काहीतरी आवाज आला.

कुलदीपनं विचारलं, "काय म्हणाले?"

ज्ञानेश्वरीला लख्ख कळलं होतं. जाऊ नगं.

"जाऊन ये म्हणतात," ती म्हणाली.

शब्द तोंडातून निघून गेला आणि मग तिला कळलं आपण काय केलं ते. बाळाबाईंनी देवापुढं साखर ठेवली. कुलदीप फोन घेऊन ही बातमी बहिणीला सांगायला गॅलरीत गेला. हौसेरावांचा डावा हात धडधाकट होता. नाही अशी खूण आता करतील, मग करतील, म्हणून ती त्या हाताकडं बघत बसली. त्यांनी मान भिंतीकडं फिरवली.

त्या दिवसापासून ते सुनेशी बोलायचे बंद झाले. ती काही विचारी, ते डोळे मिटून घेत. घरच्यांना वाटलं, सून जाणार म्हणून म्हातारा हिरमुसला. ती त्यांची दाढी करायची, पाय चेपून द्यायची, कधी नव्हे ते रोज शिरा करायची. पोलीस ठाण्यातला दाखला आला, डॉक्टरची तपासणी झाली. प्रत्येक काम मार्गी लागलं की ती उगाच आबांच्या खाटेशी जाऊन चादर नीट करी.

तिकीट काढायच्या संध्याकाळी तिनं कुलदीपला आणि सासूला स्वयंपाकघरात बोलावून सांगून टाकलं. आबा नको म्हणाले होते, मी खोटं सांगितलं.

कुलदीप चिडला नाही. एवढंच म्हणाला, "आणि आजपर्यंत सांगत आलीस ते?"

ते सगळं खरं होतं, ती म्हणाली. पण हे असंही कुणी विचारेल, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाळाबाई बाहेर गेल्या आणि नवऱ्याच्या खाटेला खेटून बसल्या. "पुन्यांदा बोला," म्हणाल्या. "मला सांगा."

हौसेराव बोलले. बाळाबाईंना वाटलं पाणी मागतात. कुलदीपला वाटलं संडासला जायचंय. दोघं तोंडाशी कान नेऊन एकेक अक्षर विचारत राहिली. ज्ञानेश्वरी दाराशी उभी होती. तिला पहिल्याच खेपेला कळलं होतं, पण तिनं तोंड उघडलं नाही. शेवटी कुलदीपला उमगलं.

"जाऊ नगं म्हणताय? का आबा?"

पुन्हा तीच झटापट. या वेळी आधी बाळाबाईंना कळलं. "माजं कोन ऐकल," त्यांनी नवऱ्याचे शब्द सांगितले आणि पदर तोंडाला लावला. कुलदीप खाली मान घालून बसला.

तिकीट त्या दिवशी काढलं नाही. ज्ञानेश्वरीनं तिकडच्या शाळेला विनंती केली, त्यांनी पुढच्या सत्रात आलात तरी चालेल असं कळवलं. मधल्या महिन्यांत कुलदीप कामावरून आला की वडिलांसमोर बसायचा. चुकायचा, वैतागायचा, पुन्हा बसायचा. ती शेजारी असायची, आणि त्याला शब्द कळू लागले तशी मधूनच उठून आत जाऊ लागली.

मग ती गेली. निघताना पाया पडली तेव्हा हौसेरावांनी तिच्या डोक्यावर डावा हात ठेवला.

बेटावरची मुलं गुणी आहेत. वर्ग तिचा स्वतःचा आहे. सकाळी फळ्यापुढं उभी राहिली की तिला बरं वाटतं, आणि बरं वाटलं की अपराधीही वाटतं. शुक्रवारी तिकडं सुट्टी असते, तेव्हा ती घरी फोन लावते. आबा पडद्यावर येतात, दोन शब्द बोलतात. कधी तिला कळतात, कधी कुलदीप सांगतो. जा, असं मात्र ते कधीच म्हणाले नाहीत, आणि तिनंही पुन्हा विचारलेलं नाही.