माझा एच, त्याचा आर

गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली त्या साली मला वंशावळीचं खूळ लागलं होतं. निवृत्त मास्तरला दुसरं काम काय! सात पिढ्या मी स्वतःच्या हातानं लिहून काढल्या. पुण्याच्या मुलीनं डीएनए तपासणीच्या दोन डब्या पाठवल्या. फोनवर म्हणाली, "बाबा, वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जसंच्या तसं जातं. माझ्यात ते नाही, तुमच्यातच आहे." मी गालाच्या आतून काडी फिरवली आणि मुकुटबनच्या चुलतभावालाही फिरवायला लावली. एकाच आजोबाचे नातू आम्ही, दोघांचं सारखंच निघणार, की झाली माझी वंशावळ पक्की.

त्याचे वडील, माझे काका, तेव्हाच म्हणाले होते, "कायले उकरून राह्यला बे? गपचूप पेन्शन खा ना." मी हसण्यावारी नेलं.

निकाल आला. माझ्या वाय गुणसूत्राचा गट एच, त्याच्या आर. मुलगी म्हणाली, बापाच्या बाजूनं तुम्हा दोघांचा हजारो वर्षांत संबंध नाही.

आता माझी अक्कल बघा. मला वाटलं, खोट त्यांच्याच घरात! गेलेल्या काकूवर शंका घेतली मी, जिनं मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. आणि मोठा शहाणा असल्यासारखा काकांची समजूत घालायला मुकुटबनला गेलो.

काका अंगणात किडकी बोंडं फोडत बसले होते. मी आडून आडून बोललो. रोख कळला तसं हातातलं बोंड त्यांनी माझ्या अंगावर फेकलं.

"लाज वाटते का बे तुले? तिच्याबद्दल बोलून राह्यला? आयक मंग. माह्या मायचा पाट लागला तवा तुहा बाप तिच्या कडेवर होता. पहिल्या नवऱ्याचा. माह्या बापानं त्याले आपलं नाव देल्लं, कधी सावत्र म्हटलं नाही. घरात साऱ्यायले मालूम हाय, तुले सोडून."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. आमच्यात त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. मग माझ्यापासूनच काहून लपवलं? चुलतभावाला ठाऊक होतं, तरी काडी फिरवताना त्यानं ब्र काढला नाही. दर आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांचा घास ठेवताना मी मोठ्या तोऱ्यात आजोबाचं नाव घ्यायचो आणि हे सगळे मागे उभे राहून ऐकायचे. मला भयंकर संताप आला.

"मंग माह्या खऱ्या आजोबाचं नाव काय?" मी ओरडलोच.

"आमाले कसं माहीत असन? माय कधी बोलली नाही. तुह्या बापाले मालूम होतं. त्यानंच तर शपथ घातली होती, पोराले सांगू नका म्हणून."

बाप गेला त्याआधी दोन महिने मी त्याच्या उशाशी होतो. चमच्यानं पेज पाजायचो, तो दिवसभर बोलत राहायचा. आयुष्यात राखलेल्या एकेका बैलाचं नाव त्यानं मला सांगितलं. स्वतःच्या बापाचं नाही सांगितलं.