फोटोखालची तारीख

घर सजवायची हौस माणसाला इतकं घाबरवून सोडते, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. भिसेगावात फ्लॅट घेतला तेव्हा भिंती कोऱ्या होत्या आणि मला चित्रं हवी होती. हौसेला मोल नाही म्हणतात, पण मला मोल बघूनच हौस करायची होती. म्हणून नियम केला: माझ्या एका साध्या ड्रेसपेक्षा महाग काही घ्यायचं नाही.

पहिलं चित्र माथेरानहून आलं. बाबा तिथल्या एका हॉटेलात आयुष्यभर स्वयंपाकी होते. तिथला एक वेटर जुन्या मेनूकार्डांच्या पाठीवर कोळशाने घोडे काढतो, त्यातला एक घेतला. दुसरं चौक गावच्या गॅरेजातून: मोडीत निघालेल्या ट्रकचा फाळका, त्यावर हिरवागार मोर. "लोक फर्निचर आनतात, आमची पोरगी भंगार आनते," बाबा म्हणाले. पण चहाला बसताना खुर्ची मोराकडे वळवायला लागले.

तिसरं चित्र बाबांचं काढून घ्यायचं, हे माझंच डोकं. तो वेटर सुट्टीच्या दिवशी घरी आला. बाबा खिडकीपाशी प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसले आणि कागदावर हुबेहूब उतरले, हनुवटीवरच्या भाजल्याच्या डागासकट.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली. पनवेलच्या डॉक्टरांनी तीन ठिकाणी ब्लॉकेज आहे म्हणून सांगितलं आणि ऑपरेशनसाठी सोमवार दिला. मी घाबरले, आणि घाबरले की मी कामाला लागते. बाबा दवाखान्यातून परत येतील तेव्हा चित्र भिंतीवर असावं म्हणून कर्जतच्या बाजारात फ्रेमवाल्याकडे गेले.

त्याने चित्र हलक्या हाताने उलगडलं, जरा मान लववली आणि विचारलं, "वडील का, ताई? खाली तारीख टाकायची ना? हारासाठी वर खिळा देतो."

मी चित्रावर आडवा हात ठेवला. आमच्याकडे भिंतीवर माणसाचा फोटो लागतो तो माणूस गेल्यावरच. हे मला काय माहीत नव्हतं? आजोबांच्या फोटोला दर दसऱ्याला मीच हार घालते. पण घोडा, मोर, बाबा असा क्रम ठरवताना ते डोक्यात आलंच नाही. "जिवंत आहेत ते!" मी ओरडलेच. त्याने जीभ चावली. मी चित्र ओढून घेतलं आणि निघाले.

मी शाळेत विज्ञान शिकवते, वर्गात लिंबू-मिरचीची थट्टा करते. तीच मी, घरी येऊन चित्राची गुंडाळी कपाटावर टाकली आणि देवापुढे दिवा लावला. सोमवारी काही वाईट झालं तर ते मीच हाताने ओढवून आणलेलं असेल, एवढंच मनात घोळत होतं. बाबांना सांगितलं, दुकान बंद होतं.

शनिवारी दवाखान्यासाठी बॅग काढायला त्यांनी कपाटावर हात घातला आणि गुंडाळी खाली पडली.

"दुकान बंद व्हतं ना गं?"

मला रडू फुटलं. सगळं सांगून टाकलं. ते आधी हसले. मग हसायचे थांबले, आणि गुंडाळीवरची धूळ शर्टाच्या टोकाने पुसली.

"मी पन भ्यालोय," ते म्हणाले. "पन ह्याला वर लपवून माजं ब्लॉकेज सुटनार हाय का? चल."

दुकानात त्यांनी चित्र उलगडलं आणि शेजारी आपलं तोंड धरलं. फ्रेमवाला बिचारा उठून उभाच राहिला.

"तारीख ठरली की पोरगी येऊन सांगल," बाबा म्हणाले. "तवर नुसती काच बसव."

फ्रेम आठवड्याने मिळणार होती. पावती मी घ्यायला गेले तर त्यांनी ती शर्टाच्या खिशात घातली. "ज्याचा फोटो, तोच नेनार."

सोमवारी ऑपरेशन थिएटरच्या दारात नर्सने त्यांचे कपडे पिशवीत घालून माझ्याकडे दिले. खिशात ती पावती होती. पाच तास मी ती मुठीत धरून बसले. दार उघडलं की मी उठून उभी राहायचे, आणि दर वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुकारलं जायचं. घामाने पावतीवरची शाई पसरली.

पुढे महिनाभर फ्रेम दुकानातच पडून होती. फ्रेमवाल्याचा दोनदा फोन आला, "ताई, तुम्ही तरी घेऊन जा." मी गेले नाही. शेवटी एका सकाळी बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून दुकानाची पायरी चढले आणि ती चोळामोळा झालेली पावती काउंटरवर ठेवली. फ्रेमवाल्याने ती वाचलीसुद्धा नाही.

आता भिंतीवर घोडा, मोर आणि बाबा आहेत. हाराचा खिळा नाही, ते मी नीट तपासून घेतलं. बाबा आता बरोबर त्या चित्राखाली बसून चहा पितात, आल्यागेल्याने घाबरू नये म्हणून. मी मात्र रोज सकाळी बाहेरच्या खोलीत येते तेव्हा आधी खुर्ची बघते, मग भिंत. आधी भिंत बघायची हिंमत मला अजून झालेली नाही.