खांद्यावरचा कॅमेरा

पाचोऱ्याचे प्रेमराजभाऊ शाळेच्या कारकुनीतून निवृत्त झाले आणि खानदेशची संस्कृती वाचवायची जबाबदारी आपल्याच डोक्यावर आहे, असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं. यूट्यूबवर चॅनल काढायचं, त्यात लग्नं, गाणी, भरीत-पार्ट्या सगळं घालायचं. चॅनलचं नाव ठरलं, फेट्यातला फोटो टाकून कार्डंही छापून आली. राहिला फक्त कॅमेरा.

"बाबा, तुमच्या फोनमध्ये झकास व्हिडिओ येतो," मुलगी रूपा म्हणाली. भाऊंनी तिच्याकडे दयेने पाहिलं. फोन काय, भाजीवालीकडेही असतो.

मग जळगावच्या दुकानांच्या पायऱ्या झिजवणं सुरू झालं. एका विक्रेत्याने छोटा हॅण्डीकॅम दाखवला. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट, किंमत आवाक्यातली. भाऊंनी एकच प्रश्न विचारला, "वजन किती?"

"फक्त अडीचशे ग्रॅम, काका," तो अभिमानाने म्हणाला.

"अडीचशे ग्रॅम तर आम्ही शेव घेतो," म्हणून भाऊ पायऱ्या उतरले.

त्यांचं गणितच वेगळं होतं. खांद्यावर धूड घेतलेला शूटिंगवाला लग्नात आला की नवरीचा मामासुद्धा बाजूला सरकतो आणि पहिल्या पंगतीत त्याचं ताट वाढलं जातं, हे त्यांनी उभा जन्म पाहिलं होतं. धुळ्याच्या मगन फोटोवाल्याने असलंच एक जुनं धूड स्वस्तात विकायला काढलं होतं. भाऊंनी ते खांद्यावर घेतलं, आरशात पाहिलं आणि सौदा पक्का केला. ते कॅसेटवर चालतं आणि तसली कॅसेट आता जळगावात काय, धुळ्यातही मिळत नाही, हे घरी आल्यावर कळलं. बडा घर, पोकळ वासा.

दुसरा कोणी ओशाळला असता. भाऊ तोच रिकामा कॅमेरा घेऊन तीन लग्नं, एक जावळ आणि सरपंचाचा वाढदिवस करून आले. मान मिळाला, पहिल्या पंगतीचं जेवणही मिळालं. व्हिडिओ कुठे आहे असं कोणी विचारलं, की उत्तर तयार असायचं. "एडिटिंग चालू शे."

मग मंजुळाबाईचा निरोप आला. ही भाऊंची आत्या, ते तिला फुई म्हणत. वय ऐंशीच्या पुढे. श्रावणातल्या रविवारी तिच्या घरी कानबाई देवी बसते आणि सोमवारी सकाळी नदीवर विसर्जनाला जाते. कानबाईची गाणी तेवढ्याच वेळात म्हणायची, एरवी ओठांवर आणायची नाहीत, असा त्या घरचा नियम.

"मनी मायना गाना शेतस ह्या," सोमवारी सकाळी आत्या म्हणाली. "मना मांगे कोनलेच येत नहीत. तू कॅमेरामा भरी ठेव."

भाऊंच्या शर्टाच्या खिशात फोन होता. तो काढला असता तर काम झालं असतं. पण अंगणात बायका दाटीने बसलेल्या, आणि फोन काढायचा म्हणजे खांद्यावरचं धूड निव्वळ थोतांड आहे हे सगळ्यांदेखत कबूल करायचं. भाऊंनी एक डोळा मिटला आणि कॅमेरा रोखला.

म्हातारी दोन तास गायली. आवाज चिरकला तरी थांबली नाही. मध्येच भाऊंचा फोन वाजला, तो त्यांनी हळूच बंद केला आणि पुन्हा कुठलंतरी बटण फिरवत, तिला इकडे सरक, तिकडे सरक करत राहिले. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं त्यांना, पण ऐट सुटेना.

कानबाई नदीवर गेली. बायका परतल्यावर आत्याने भाऊंना जवळ बसवलं.

"मना नातूना लगीनमा असाच कॅमेरा व्हता. त्याले लाल दिवा लागे. तुनाले लागना नही."

भाऊंनी मान खाली घातली. "कॅसेट नही त्यामा, फुई."

आत्या रागावली नाही, हेच वाईट झालं. "आनि खिसामा फोन वाजना तो?"

भाऊंनी घाईघाईने फोन बाहेर काढला. "आते भरी लेस, फुई. एक तरी म्हन."

"कानबाई पानीमा गयी. आते पुढला साल, मी ऱ्हायनू तं. जाऊ दे. दोन घंटा मना समोर व्हता तू. एखादं गानं तरी आठवस का तुले?"

भाऊंनी डोळे मिटून डोक्याला खूप ताण दिला. त्या दोन तासांतलं एकच वाक्य त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं: "फुई, जराशी डावीकडे सरक, तोंडवर उजेड पडत नही."