अण्णांनी जोडलेला शब्द

लेक राज्यशास्त्राच्या पुस्तकातल्या एका शब्दापाशी अडखळत होती. "अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम," मी एका दमात म्हटलं आणि नाकात ग्रीसचा वास शिरला.

माझे वडील, अण्णा, मनमाड यार्डात डबे जोडायचे. स्टेशन मास्तरांना उच्चार विचारून त्यांनी कॅलेंडरमागे या शब्दाचे तुकडे लिहिले होते. "अँटी इंजिन, एस्टॅब्लिश मधला डबा, इझम गार्डाचा. जोड आता, बाळा." महिनाभर रोज जोडून घेतलं.

नाशिकच्या शालेय इंग्रजी उच्चार स्पर्धेत हाच शब्द म्हणून मी पहिली आले. परीक्षकांनी विचारलं, "कुणी शिकवलं?" मागे खाकी कपड्यांतले अण्णा उठून उभेच राहिले.

"शाळेतल्या बाईंनी," मी म्हणाले.

परतीच्या गाडीत त्यांनी मला खिडकी दिली आणि ग्रीसने काळे झालेले हात मनमाडपर्यंत खिशात ठेवले. मला वाटलं, थंडी वाजत असेल.