लाखेच्या मोहरेखाली अडकलेले गाणे

मुलांनो,

पोलीस ठाण्यातल्या बहुतेक फाइली आता डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. तिरोड्याची ही एक मात्र अजून लख्ख आठवते. निवृत्तीपूर्वीचे माझे ते शेवटचे वर्ष.

लग्नाचे शूटिंग करणाऱ्या एका स्टुडिओचा मालक सकाळच्या हजेरीलाच आला. नोकरी सोडून गेलेल्या कॅमेरामनने सर्व्हरचा पासवर्ड बदलून सगळे चित्रीकरण अडकवले, अशी तक्रार होती. सर्व्हर म्हणजे परदेशातल्या मोठ्या संगणकात भाड्याने घेतलेला आपल्यापुरता कप्पा. वेग बेताचा, पण जागा भरपूर आणि भाडे मोबाइलच्या रिचार्जएवढे. दुकानातल्या हार्ड डिस्क भरल्यावर मालकाने तो घेतला, तोही कॅमेरामनच्या नावावर. "ते कंप्युटरचं झंझट" त्याला नको होते.

त्याच्यामागे पोवार समाजातली एक तरुण विवाहिता उभी होती. तिची आई नुकतीच वारली होती. लेकीच्या हळदीत आई पोवारी गाणे गायली होती. स्टुडिओने तयार फिल्ममध्ये त्यावर सिनेमाचे गाणे चढवले. मूळ आवाज फक्त त्या सर्व्हरवर होता.

"मॅडम, त्याले शिक्षा करा नाहीतर सोडा. माह्या मायचा आवाज तेवढा काढून द्या."

कॅमेरामनचा शोध सुरू केला. तिसऱ्या दिवशी हायवेवरच्या कोहमाऱ्याच्या ओळखीच्या पंक्चरवाल्याचा फोन आला. "मॅडम, तुमचा कॅमेरावाला ढाब्यावर चाय पिऊन राहिला. लवकर या!"

दुपारी त्याला ठाण्यात आणले. फोन जप्त केला, दोन पंचांसमक्ष पाकिटात घालून लाखेची मोहर लावली. पंचनाम्यात माझा कानामात्राही चुकत नसे, याचा मला अभिमान होता.

"पासवर्ड काऊन बदलला रे?" हवालदाराने विचारले.

"मालक म्हणे, जागा कर, जुनं सगळं मिटव. बुढ्या बाया जीव लावून गायल्या, ते कायले मिटवू?"

"मोठा आला गाणेवाला!"

कॅमेरामन माझ्याकडे वळला. "मॅडम, आज तारीख किती?"

"विचारलं तेवढंच बोल."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. मला वाटले, जामिनाचे दिवस मोजतोय. तिसऱ्यांदा मात्र मी पेन खाली ठेवले.

"तारखेचं काय आहे?"

"भाडं आज संपते. सहाच्या आत नाही भरलं तं कंपनी सगळं पुसून टाकते. आत जायले अन् भाडं भरायले, दोन्हीले ओटीपी त्याच फोनवर येते. त्याले तं तुम्ही मोहर लावून ठेवली!"

घड्याळात पाच वाजले होते. वरिष्ठांना कळवून मी त्याच पंचांना पुन्हा बोलावले. एक पानठेल्यावर सापडला. दुसऱ्याला हवालदाराने बाजारातून भाजीच्या पिशवीसकट आणले. मोहर फोडली, नवा पंचनामा लिहिला. भाडे भरले गेले तेव्हा सहाला दहा मिनिटे कमी होती.

लेकीला आणि मालकाला बोलावून ठाण्याच्या संगणकावर ते चित्रीकरण लावले. आई दोन ओळी गायली आणि मध्येच कॅमेऱ्यावर ओरडली, "ए बाबू, तोंडावर लाईट नोको मारू, गाणं भुलून राहिली मी!"

लेक खळखळून हसली. "अशीच होती माही माय," म्हणाली, आणि मग तिला हुंदका आवरेना. मालकाने मान खाली घातली. पुढे त्याचा आणि कॅमेरामनचा समेट झाला.

त्या दिवशी पंचनामा बिनचूक होता, आणि त्याच पंचनाम्यापायी तो आवाज कायमचा गेला असता. त्यानंतर प्रत्येक जबाब संपवताना मी विचारू लागले, "मी विचारलं नाही, असं काही सांगायचं आहे का?" लोक सांगत. त्याआधी कितीजणांना मी हे विचारलेच नाही, ही हुरहूर मात्र अजून जात नाही.