पिंडापुढे दिलेला शब्द

ताई गेली हे मला नाशिकला, द्वारकेच्या सिग्नलला कळलं. रिक्षा अडकलेली, पुढे बस, मागून हॉर्नचा कल्ला, आणि पर्समधला फोन एकसारखा थरथरायला लागला. नातेवाइकांच्या ग्रुपवर ताईचा फोटो, त्याच्यापुढे पणती, बाजूला मोराची पिसं (ती कशाला, देव जाणे), आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागलेली. माझ्या सख्ख्या बहिणीचं मरण मला असं कळलं. रिक्षा तिथंच सोडून, ताईला ठेवलं होतं त्या हॉस्पिटलकडे मी पळत सुटले. तिथं पोचल्यावर जे पाहिलं, त्याची किळस अजून गेलेली नाही. पॅसेजमध्ये ताईच्या सासरची सगळी मंडळी उभी होती. बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या, पुरुष फोनवर गावोगाव कळवत होते. आणि त्यांच्या मधोमध, बाकावर, दाजी बसले होते. ताईचे यजमान. समोरून जाईल त्याला ते विचारत होते... दोन्ही पंजे उलगडून, भुवया वर करून, 'काय झालं?' आणि जो तो त्यांच्या खांद्यावर थोपटून पुढे सरकत होता. अख्ख्या तालुक्याला बातमी पोचली होती आणि ज्याची बायको गेली त्याला ती कुणी दिली नव्हती. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि हातांनी सांगितलं. त्यांनी माझे हात धरून ठेवले. मला आणखी काही सांगू द्यायचं नव्हतं त्यांना.

ताई जन्मापासून बहिरी, दाजीही तसेच. दोघांची भाषा हातांची. लोक त्यांना मुके म्हणायचे. मला तेव्हाही संताप यायचा, कारण ताईइतकी बोलघेवडी बाई मी दुसरी पाहिली नाही. कुणाच्या सुनेनं काय केलं, कोण लग्नात कसा जेवला, कुणी कुणाला डोळा मारला, तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. आणि ते ती असं करून दाखवायची की हसून हसून पोट दुखावं. तिच्या भाषेत प्रत्येकाला एक खूण असते, तेच त्याचं नाव. माझं नाव म्हणजे नाक मुरडून त्यावर बोट टेकवणं. लहानपणी मी प्रत्येक ताटाला नाक मुरडायची म्हणे. ते नाव मला आयुष्यभर शोभलं, हेही कबूल करते. दाजींचा पुतण्या राजेंद्र म्हणजे केसांवरून फिरवलेला कंगवा. गावच्या एका पुढाऱ्याचं नाव नुसतंच पोट.

आमचं माहेर कळवणजवळच्या खेड्यातलं. वडील बैलबाजारातले नावाजलेले. व्यवहार ठरवायचा तर दोघे जण उपरण्याखाली हात घालणार, बोटं दाबून भाव सांगणार, तोंडातून चकार शब्द नाही. भोवती उभे असलेले लोक कौतुकानं बघायचे. 'काय माणूस हाय, बोटावर बाजार खेळवतो!' तेच आमचे वडील, ताईनं लग्नाच्या मांडवात मला हातांनी काही सांगितलं की खेकसायचे, 'चारचौघांत हात नाचवू नको म्हणावं तिला.' बापाची बोटं चालली तर हुशारी, लेकीची चालली तर घराण्याची नामुष्की. बरं, तिच्याशी ते बोलायचे कसे? ओरडून! दहा घरांना ऐकू जाईल असं. बहिऱ्या माणसापुढे आवाज चढवणारी माणसं मी आजवर इतकी पाहिली की आता मला त्यांच्या अकलेचंही काही वाटेनासं झालंय.

तिला नाशिकला निवासी शाळेत घातलं. शाळेचं नाव मी लिहीत नाही, लिहिण्याच्या लायकीचं नाही. तिथं हात हलवले की बोटांवर पट्टी बसायची. घशाला हात लावून 'बोल, बोल'. 'पाणी' म्हटल्याशिवाय पाणी मिळायचं नाही. जो आवाज पोरीला स्वतःला ऐकू येत नाही, तो ती काढणार कशी आणि नीट निघाला हे तिला समजणार कसं? पण तिनं काढला, तहान लागल्यावर कोण नाही काढणार? आणि तो ऐकून शाळा बघायला आलेले पाहुणे हसले. त्यानंतर तिनं ओठ जे मिटले ते मिटलेच. दाजी त्याच शाळेतले, पलीकडच्या मुलांच्या वर्गातले. त्यांचीही तीच गत. पण पोरं ती पोरंच. बाई पाठमोरी झाली की बाकाखाली हात सुरू. कुणी शिकवलं नाही, छापलं नाही, परीक्षा नाही, आणि एकमेकांपासून ती एक अख्खी भाषा शिकली. दिवाळीच्या सुट्टीत ताई ती घेऊन घरी आली आणि शेंगा फोडता फोडता मला शिकवली. माझ्या शिव्यासुद्धा मी आधी हातांनी शिकले, मग तोंडानं.

लग्न दोघांनी आपापसांत ठरवलं होतं. आमच्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या मोठ्यांना वाटत राहिलं की त्यांनीच जमवलं. दाजी अंबडच्या एका कारखान्यात होते. ताई घरी ब्लाउज शिवायची. द्वारकेजवळ दोन खोल्या, खाली रात्रंदिवस ट्रकचा गोंगाट, आणि त्यात निवांत झोपणारी सबंध इमारतीत ही दोघंच. भांडायचीही कडाकडा. ताईला ऐकून घ्यायचं नसलं की ती डोळे मिटून घ्यायची. झालं, संपलं भांडण. मग दाजी बिचारे दिवा लावायचे, विझवायचे, लावायचे... पापणीआडून उजेड जाणवून ती हसेपर्यंत. पुढे व्हिडिओ कॉल आला आणि तिला पंख फुटले. कणकेच्या डब्याला फोन टेकवायचा आणि मालेगावची मैत्रीण, सिन्नरची मैत्रीण, तासन्‌तास गप्पा. गंमत बघा, तिच्या हातांना हसणारी आमची बोलकी माणसं त्याच सुमारास बोलायची बंद झाली. आता तीच दिवसभर अंगठे पाठवतात, जोडलेले हात पाठवतात. शुद्ध चित्रं! त्या चित्रांना ना चेहरा, ना जीव. ताई ते बघून म्हणायची, 'आम्ही मुके?'

दहावा दाजींच्या गावी, विंचूरकडे झाला. राजेंद्रनं सगळं अंगावर घेतलं होतं. खोटं कशाला बोलू, दवाखान्यातही तोच धावला होता. पण त्याला यंदा उभं राहायचंय, म्हणून काकूच्या दहाव्याला मांडव, फ्लेक्स, आणि झाडांना बांधलेले दोन कर्णे. आपल्याकडे दशक्रियेला नदीकाठी भाषणं करायची जी रीत पडलीय, तिची मला शिसारी आहे. मेलेल्या माणसाच्या नावावर माईक मिळतो आणि कोण कुणाचा किती जवळचा हे मोजलं जातं. तो पोटवाला पुढारी उठला. घसा खाकरला, डोळे पुसले आणि म्हणाला, "काकूंचा तो प्रेमळ आवाज आज हरपला. 'ये बाळा, चहा घे,' हे त्यांचे शब्द आजही माझ्या कानांत घुमताहेत."

ताईचे शब्द! त्याच्या कानांत! मी आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी हसेल, कुणी निदान खाली मान घालेल. कुणी नाही. सगळे गंभीरपणे माना डोलावत होते. ती बहिरी होती हे जाणणारी तीच माणसं, पण कर्ण्यातून आलं ना, मग खरंच असणार. दाजींनी मला कोपरानं ढोसलं, 'पोट काय म्हणतंय?' मी जसंच्या तसं सांगितलं. ते हसले... मोठ्यानं. त्यांचं हसणं भसाड्या आवाजाचं, ते काही त्यांना ऐकू येत नाही. दाजींच्या थोरल्या बहिणीनं कपाळाला हात लावला. "बघा, डोक्यावर परिणाम झालाय त्याच्या. मुकं माणूस हाय ते, एकलं कसं राहील?" राजेंद्र म्हणाला, "आत्या, मी नाय एकटं ठेवणार. काका आता गावी, आपल्यात." द्वारकेच्या घराचंही काय करायचं ते तिथल्या तिथं ठरलं. दाजींच्या डोक्यावरून, दाजींसमोर.

पिंड ठेवला. कावळे बाभळीवर होते, पण एकही खाली येईना. आपल्यात म्हणतात, गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. मग जवळच्यांनी पिंडापुढे शब्द द्यायचा असतो. सगळे लागले ओरडायला. "काकू, काळजी करू नका! काकांना आम्ही गावी नेऊ! जन्मभर सांभाळू!" जिला जिवंतपणी ढग गडगडलेला ऐकू आला नाही, तिला मेल्यावर बोंबलून सांगत होते. मी दाजींना सांगितलं, हे असं असं चाललंय, तुमच्याबद्दल शब्द देताहेत. त्यांचा चेहरा उतरला. ते उठले, पिंडासमोर गेले आणि ताईशी बोलू लागले. बायकोशी, तिच्या भाषेत. मोठे, लांब हात. 'मी आपल्या घरी राहणार. तू घाबरू नको. मी डाळीला जास्त मीठ घालणार नाही...' त्या हातांनी बिचकून बाभळीवरचे सगळे कावळे भर्रकन उडून गेले.

"अरे, हात आवरा त्यांचे!" आत्या ओरडल्या. दोघांनी दाजींना दंडाला धरून मागे ओढलं. गुरुजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि झालं म्हणाले. सगळ्यांना बरं वाटलं. गवताचा कावळा चालतो आपल्याला, माणसाच्या हातांचं बोलणं चालत नाही.

मी राजेंद्रला बाजूला घेतलं. म्हटलं, "त्यांना विचारलंस का?" तर म्हणतो, "मावशी, आता पिंडापुढं शब्द दिलाय. मोडला तर काकूला गती मिळायची नाय. लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "मेल्या, जिच्याशी आयुष्यात दोन बोटं हलवून बोलला नाहीस, तिला शब्द देतोस? तिनं घेतला का तो?" आवाज चढला. लोक गोळा झाले. मी जे जे बोलत होते ते दाजींसाठी हातांनीही सांगत होते. कुणी म्हणालं, बाईचं डोकं फिरलंय. कुणी म्हणालं, परक्या घरात हिनं कशाला पडावं. दाजींची पिशवी तेवढ्यात कुणी तरी राजेंद्रच्या गाडीत नेऊन ठेवली होती.

दाजींनी ते पाहिलं. ते सरळ चालत पुढे गेले आणि त्या पुढाऱ्याच्या हातातून माईक घेतला. मला वाटलं, आपटतात की काय. त्यांनी तो तोंडाशी धरला, दुसरा हात घशावर ठेवला. शाळेत ठेवायला लावायचे तसाच. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या. आणि दोन्ही कर्ण्यांतून तो आवाज आला. फाटलेला, ओबडधोबड, वर-खाली जाणारा.

"घरी. माझ्या घरी. एकटा."

ज्या आवाजाला लहानपणी लोक हसले, जो बायकोसमोरही त्यांनी कधी काढला नाही, तो त्यांनी गावासमोर काढला. काय करणार? आमच्याजवळ कान सोडून काहीच नव्हतं. मला रडू फुटलं, लाजेनं. आणि मांडवात काय झालं? टाळ्या! टाळ्या वाजवल्या लोकांनी. आत्या म्हणाल्या, "अगं बाई, बोलतोय की गं हा!" राजेंद्र चार माणसांपुढे लगेच नरमला. "काका, तुमची इच्छा असंल तसं." पुढाऱ्यानं माईक परत घेतला आणि म्हणाला, बघा, काकूंच्या प्रेमानं आज मुक्याला वाचा फुटली. इतकं घाण वाक्य मी जन्मात ऐकलं नाही. मी ते दाजींना सांगितलं नाही. गाडीतून पिशवी काढली आणि दोघं मिळेल त्या जीपनं नाशिकला आलो.

दाजी आता द्वारकेच्या घरी राहतात. एकटे. मी रविवारी जाते. ताईच्या शिलाई मशीनसमोर भिंतीवर एक आरसा आहे. शिवताना पाठ दाराकडे व्हायची, म्हणून तिनं तो लावून घेतला होता. मागे बसलेल्या दाजींशी ती त्या आरशातूनच बोलायची, सुई न थांबवता. आता मशीनच्या स्टुलावर दाजी बसतात आणि मला मागे, त्यांच्या जागेवर बसवतात. पाठमोरे राहून आरशात बोलतात. मागच्या रविवारी असेच बसलो होतो. त्यांनी आरशातून विचारलं, 'त्या दिवशी माझा आवाज कसा होता?'

बोलत्या माणसाला काहीतरी गोड सांगून वेळ मारून नेता आली असती. पण इथं चेहरा दाखवावा लागतो, समोर आरसा. मी खरं ते सांगितलं. 'वाईट. पत्रा रस्त्यावरून ओढावा तसा.'

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

'छान,' ते म्हणाले. 'मग आता पुन्हा कुणी बोल म्हणणार नाही.'