एसटीच्या काचा आणि माझा कान

शाळेत शिकवायला मी नांदेडहून रोज एसटीनं अहमदपूरला जातो. गाडीच्या काचा इतक्या खडखडतात, की कानात बिनवायरचे हेडफोन घातले तरी गाणं ऐकू येत नाही, म्हणून मी आवाज फुल्ल करायचो. परवा घरी आलो तर उजव्या कानात बारीक शिट्टी वाजायला लागली. माझं धाबंच दणाणलं.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मशीनवर कान तपासले आणि विचारलं, "गाडी स्टँडवर थांबते तेव्हा गाणं कसं वाटतं?"

"डोक्यात हातोडे बसल्यागत. पण तेवढ्यापुरता आवाज कोण कमी करतं?"

"मग ते हातोडे कान वाटभर सोसतो, काचांच्या खडखडाटात तुम्हाला कळत नाही एवढंच. थांबलेल्या गाडीत बरा वाटेल तेवढाच आवाज ठेवा, काचांवर मात करायला जाऊ नका. यावेळी निभावलं, कान शाबूत आहेत."

माझा जीव भांड्यात पडला. शिट्टी थांबली, तरी आठवडाभर हेडफोन बंद ठेवायला त्यांनी बजावलं होतं.

आज गाडीत शेजारी नेहमीचे केळीवाले चाचा बसले. माझे कान मोकळे बघून त्यांनी जावयाची कथा सुरू केली. लोहा मागं पडलं तरी संपेना. एरवी मी वैतागलो असतो. पण शब्द न् शब्द लख्ख ऐकू येत होता, त्या सुखात मी नुसता 'हाव, हाव' म्हणत होकार देत राहिलो.

अहमदपूरला उतरताना चाचा म्हणाले, "सर, लई बरं झालं. मला वाटायचं, तुमच्या कानात ते कमी ऐकणाऱ्यांचं मशीन हाय."